हनुवटीवरचे चार केस

हुबळीच्या दाजीबानपेठेत बांगड्या आणि कॉस्मेटिक्स विकता विकता माझे केस गेले, पण बायकांच्या नको त्या केसांचे किस्से मात्र साठतच राहिले! माल खपतो हो, किस्से खपत नाहीत.

केस काढायची क्रीम स्वतःसाठी कुणी घेत नाही. "शेजारणीला पाहिजे." एकदा दोघी एकदम आल्या. दोघींनाही शेजारणीसाठीच हवी होती! मी विचारलं, "अक्का, तुम्ही दोघी शेजारीच राहता ना?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. "अण्णा, मोठी ट्यूब द्या. अर्धी अर्धी करतो!"

*

माझं वैद्यकीय ज्ञान काउंटरवरचं. कलघटगीच्या एका बाईंना मी ठासून सांगितलं, "वस्तरा लावू नका, केस दाट होतात."

मागून माझी बायको सुमन म्हणाली, "मग तुमच्या टकलावर रोज फिरवा की!"

*

सुमनच्या बहिणीची लेक गिरिजा अळणावरहून आमच्या दुकानात कामाला आली. कोरोना गेला, पण हिचा मास्क जाईना. हनुवटीवर राठ केस उगवले होते. स्थळ आलं की म्हणायची, "मास्क काढायचा असेल तर लग्नच नको." असं म्हणत तिनं तीन स्थळं परत पाठवली.

शेवटी सुमननं तिला धारवाडच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. गाडी चालवायला मी. बाईंनी पहिलाच प्रश्न टाकला, "पाळी वेळेवर येते?"

हनुवटी दाखवायला आलो आणि गाडी भलतीकडेच वळली! मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागलो. एकादशीपर्यंत पोचलो.

"चेहऱ्याला काय काय लावतेस?"

गिरिजानं पिशवी उपडी केली. सात क्रीम! सातही माझ्या दुकानातल्या.

बाई मला म्हणाल्या, "तुम्ही दुकान चालवा. चेहरा तेवढा आमच्यावर सोडा!"

*

रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली. हार्मोन्सची गडबड निघाली. गोळ्या, जोडीला लेझर, आणि फरक दिसायला सहा महिने तरी! मी व्यापारी माणूस. विचारलं, "मॅडम, एकदम जास्त घेतल्या तर?"

"अहो, औषध आहे. डझनावर टिकल्या नव्हेत!"

आठव्या दिवशीच गिरिजा आरशासमोर रडवेली. "मावशी, काहीच फरक नाही गं."

सुमन म्हणाली, "काल आंब्याचं रोप लावलंस आणि आज आंबे भरायला बुट्टी घेऊन उभी राहिलीस होय!"

मग सात-आठ महिन्यांनी एक दिवस गिरिजा मास्कशिवाय काउंटरला उभी राहिली. रोजच्या गिऱ्हाईक अक्कांनी माझ्या कानाशी येऊन विचारलं, "नवी पोरगी ठेवली का? ती जुनी बरी होती की कामाला!"

*

चौथं स्थळ हुबळीतलंच. मुलगा गिरिजाला मनापासून आवडलेला. मी आधीच बजावलं, "गोळ्यांचं आज बोलू नकोस."

चहा ठेवला आणि ही सरळ म्हणाली, "माझ्या चेहऱ्यावर केस येतात. औषध चालू आहे. अजून बराच काळ चालेल."

सुमननं माझा हात घट्ट धरला. मुलगा आईकडे बघायला लागला. आईंनी कप खाली ठेवला.

"एवढंच होय? अगं, मी रोज सकाळी ह्यांच्या रेझरनं हनुवटी साफ करते!"

शेजारी चहा पीत बसलेले मुलाचे वडील ताडकन उठले.

"तरीच! तीस वर्षं मी ब्लेडवाल्याशी भांडतोय!"