गाणं न येणाऱ्या भाचीची संगीतातली पदवी

मी वीज वाचवायला गेलो आणि भाचीच्या परीक्षेचे दोन स्पीकर मारले.

तसा मी यंत्रांपासून चार हात लांब राहणारा माणूस. स्वयंपाकघरातल्या मिक्सरचं बटणसुद्धा बायको माझ्या ताब्यात देत नाही. पण त्या दुपारी विद्यापीठाच्या सभागृहात मी एकटाच होतो. पोरं जेवायला गेली होती आणि मंचासमोरच्या टेबलावर ते बटणांनी खच्चून भरलेलं ध्वनियंत्र लुकलुकत उगाच वीज खात बसलं होतं. रिकाम्या खोलीत दिवा जळताना दिसला की आमची आई पाठीत धपाटा घालायची. संस्कार, दुसरं काय! मी यंत्राचं बटण बंद केलं. ‘ठो!’ मंचाच्या दोन्ही बाजूंना उभे असलेले माणसाएवढे स्पीकर असे खेकसले की मी घाबरून बटण पुन्हा चालू केलं. मग दुसरा ‘ठो’, पहिल्याचा थोरला भाऊ. त्यानंतर एक स्पीकर कायमचा गप्प झाला आणि दुसरा सर्दी झाल्यासारखा घरघरू लागला.

भाची धावत आली.

“मामा, कशाला हात लावलास?”

“अगं, उगाच चालू होतं म्हणून म्हटलं...”

“चालू करताना स्पीकर शेवटी, बंद करताना स्पीकर आधी. पहिल्या वर्षाचा पहिला धडा आहे हा.”

“पण मी कुठं पहिल्या वर्षाला...”

“तू बालवाडीत नापास होशील.”

हिला घरात सगळे कात्री म्हणतात. समोरच्याचं वाक्य पुरं होऊ द्यायचं नाही हा तिचा लहानपणापासूनचा बाणा. माझ्या एकुलत्या एका बहिणीची एकुलती एक मुलगी. मी तिला खांद्यावर बसवून फिरवलंय, आणि खांद्यावरून तिनं माझे केस उपटलेत. तेव्हापासून आमचं नातं तसंच आहे, फक्त केस संपले.

कात्रीला गाणं येत नाही. वाजवताही येत नाही. आणि ही मुलगी विद्यापीठात संगीत व्यवसायाची पदवी घेत होती. गवयाशी करार कसा करायचा, गाण्याचे हक्क कुणाचे, सभागृह कसं ठरवायचं, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत कसा पोचवायचा, असलं सगळं. नातेवाइकांना हे कळेना. जो तो म्हणे, “मग एखादं गाणं म्हण बघू!” त्यावर तिचं उत्तर ठरलेलं: “डॉक्टरला तुम्ही आजारी पडून दाखवायला सांगता का?” त्यामुळे नातेवाईक हळूहळू कमी झाले. बहिणीला वाईट वाटलं, मेहुण्यांना बरं वाटलं. पाहुण्यांचा खर्च वाचला.

मेहुण्यांचं नळ आणि न्हाणीघराच्या सामानाचं दुकान. त्यांचा ह्या पदवीवर पहिल्या दिवसापासून दात. “लोक फुकट गाणी ऐकतात आणि ही त्यावर पोट भरणार! नळ कुणी फुकट नेतो का?” रोज जेवताना हेच. शेवटी बापलेकीत तह झाला. शेवटच्या वर्षाची परीक्षा एका झटक्यात पास झाली तर ती तिच्या वाटेनं जाणार. नापास झाली तर दुसऱ्या दिवसापासून दुकानात, तोट्यांच्या कपाटाशेजारी. तहावर बहिणीनं साक्षीदार म्हणून मला बसवलं. दोघांनीही हरकत घेतली.

परीक्षा म्हणजे एक खरा कार्यक्रम. गवई शोधायचा, प्रेक्षक आणायचे आणि ठरल्या वेळी पडदा वर. वाद्यवृंदांचे दौरे सांभाळता सांभाळता केस पांढरे झालेले एक सर मागच्या रांगेत बसून गुण देणार. ह्या सरांनी पहिल्याच तासाला वर्गात सांगितलं होतं म्हणे, “ज्यांना गाणं आवडतं त्यांनी दुसरा विषय घ्या. इथं काम करावं लागतं.” त्यांना कुणी हसताना पाहिलेलं नाही. कात्री त्यांना मानते, ह्यातच काय ते आलं.

तर त्या दुपारी स्पीकर मेलेले आणि कार्यक्रम संध्याकाळी. विद्यापीठाच्या कोठीत दुसरे होते, पण कोठीच्या बाई सुट्टीवर आणि किल्ली बाईंच्या पर्समध्ये. बाहेर भाड्यानं देणाऱ्यानं फोनवरच हात झटकले. कात्री सरांकडे गेली. मीही मागोमाग गेलो, चूक माझी आहे हे सांगायला.

“सर, चूक माझी आहे,” मी म्हणालो.

“हे कोण?” सर तिला म्हणाले.

“सामान वाहून आणणारे,” कात्री म्हणाली.

“ह्यांना यंत्राजवळ एकटं कुणी सोडलं?”

“मी.”

“मग चूक तुझी. वेळेवर सुरू झालं नाही तर नापास.” आणि सर वर्तमानपत्रात शिरले.

आता गवयाचं ऐका. बारमाही गळ्याला मफलर असायचा म्हणून सगळे त्याला मफलरच म्हणत. गळा खरंच गोड. बाकी सगळा कडू. स्पीकर गेल्याचं कळताच तो खुर्चीवरून उठला.

“मी माईकशिवाय गात नाही. हा माझा अपमान आहे.”

“अपमान कार्यक्रम झाल्यावर करते,” कात्री म्हणाली. “आधी खुर्च्या उचल.”

तिनं सभागृह रिकामं ठेवलं आणि खुर्च्या सगळ्या मंचावर चढवल्या. मधोमध एक सतरंजी, तिच्यावर मफलर, शेजारी पेटीवाला, आणि प्रेक्षक भोवती गोल करून इतके जवळ की पुढच्या रांगेतल्या माणसाचे गुडघे पेटीला लागावेत. पंखे बंद. घरघर नको. मफलर कुरकुरत एक ओळ गुणगुणला, आणि आवाज मागच्या खुर्चीपर्यंत स्वच्छ गेला. त्याचं तोंड पडलं. आता नाही म्हणायला कारण उरलं नव्हतं.

“मी काय करू?” मी विचारलं.

“दारात उभा राहा. हात मागे बांधून.”

संध्याकाळी दारात हात बांधून उभा असताना मेहुणे आले. इस्त्रीचा शर्ट, अत्तर, चेहऱ्यावर दुकानात उधारीवाला आल्यावर असतो तो भाव.

“काय शालकबुवा, दोन्ही स्पीकर उडवलेत म्हणे! आयुष्यात पहिल्यांदा माझ्या उपयोगी पडलात.”

“भाऊजी, आत शांत बसा हं. माईक नाहीत.”

“मला शिकवू नका. मी नुसता बघायला आलोय.” आणि ते पहिल्या रांगेत, पेटीशेजारी जाऊन बसले.

कार्यक्रम वेळेवर सुरू झाला. मफलरनं डोळे मिटून सुरुवात केली. मी दाराच्या फटीतून बघत होतो. माईकशिवाय इतकं स्वच्छ गाणं मी कधी ऐकलं नव्हतं. तो श्वास घेतो तेसुद्धा दारापर्यंत ऐकू येत होतं. लोक खोकला गिळून बसले होते. आणि तेवढ्यात मेहुण्यांचा फोन वाजला.

फोन बंद करायला हवा होता. त्यांनी घेतला.

“हां, बोला! कमोड का? पांढरा की क्रीम? अहो, क्रीम मळत नाही, माझं ऐका...”

मफलर थांबला. पेटी थांबली. सगळ्या मंचावर फक्त कमोड उरला. एक बाई खुदकन हसली. मफलर गळ्यातला मफलर आवळून उठायला लागला. मागच्या रांगेत सरांनी पेनचं टोपण काढलं. मी मागे बांधलेले हात सोडले. आता हा गवई उठला की गेलीच पोर तोट्यांच्या कपाटाशेजारी.

कात्री पडद्याआडून आली. वडिलांच्या खुर्चीपाशी वाकली.

“बाबा, बाहेर चला.”

“एक मिनिट, गिऱ्हाईक आहे.”

“आत्ता.”

“मी तुझा बाप आहे!”

“म्हणून हळू बोलतेय.”

तिनं त्यांचं कोपर धरलं. मेहुणे उठले. माझ्या समजुतीप्रमाणे लग्नाच्या मांडवातून उठल्यानंतर ते कुणाच्या सांगण्यावरून पहिल्यांदाच उठत होते. सगळ्या प्रेक्षकांच्या देखत तिनं त्यांना मंचाच्या पायऱ्या उतरवल्या, रिकाम्या सभागृहातून आणलं, दाराबाहेर माझ्या ताब्यात दिलं आणि दार लावून घेतलं. मग आतून तिचा आवाज आला, “बस खाली. पहिल्यापासून.” आणि मफलर, कधी नव्हे तो, निमूट गायला लागला.

बाहेर मेहुणे लालबुंद. “बघितलंत? ही पदवी! बापाला हाकलायची पदवी! घरी येऊ दे, मग बघतो. मी म्हणतो...”

“भाऊजी, तुम्ही उगाच...”

“तुम्ही गप्प बसा.” मग दाराकडे मान करून, “काही ऐकू येत नाही. ह्याला काय गाणं म्हणायचं?” मी काही बोलायला तोंड उघडलं की ते पुन्हा म्हणत, “गप्प बसा म्हटलं ना!” तेवढ्या वेळात त्यांचा फोन दोनदा वाजला. त्यांनी तो खिशातच दाबला. माझ्या धाकानं नव्हे, हे मला माहीत आहे.

टाळ्या झाल्या. दार उघडलं. लोक पांगल्यावर सर बाहेर आले, मागून कात्री.

“मंचावर खुर्च्या चढवायची परवानगी घेतली होतीस?”

“नाही.”

“गवई उद्धट आहे.”

“हो.”

“मला कार्यक्रम आवडला नाही.” सरांनी टोपण लावलं. “पास. पुढच्या महिन्यात माझ्याबरोबर दौऱ्यावर यायचं. बॅग लहान आण, रडारड आणू नकोस.” मेहुण्यांकडे त्यांची नजर गेली. “हे कोण?”

“प्रेक्षक,” कात्री म्हणाली.

मेहुणे जिना उतरू लागले. अर्ध्यावर थांबून एकदा वर बघितलं आणि म्हणाले, “घरी तुझ्यासाठी जेवायला थांबणार नाही आम्ही.” बस्स, एवढंच.

आम्ही दोघं खुर्च्या खाली उतरवत होतो. मला राहवेना. म्हटलं, “अगं, पास झालीस, सगळं खरं. पण जन्मदात्या बापाला चारचौघांत बाहेर काढलंस. जरा तरी काही वाटलं का गं तुला?”

कात्रीनं खुर्ची खाली ठेवली.

“गाणं थांबलं होतं.”