कुमुदताईंनी माझे मनगट धरले तेव्हा

एकसष्टीच्या गौरवग्रंथासाठी लिहा, असा निरोप आला तेव्हापासून मी गोंधळलेलो आहे. आमच्या कारखान्याच्या टाउनशिपमधल्या इस्पितळाच्या मेट्रन कुमुदताई देशकर यांच्याविषयी लिहायचे, तर आधी स्वतःविषयी खरे लिहावे लागते. तिथेच पेन अडते.

ओळख झाली वॉर्डाच्या दारात. संगणक विभागात नुकताच रुजू झालेला मी, कीबोर्ड बगलेत मारून आत शिरत होतो. ताईंनी अडवले.

"भैया, हे कुठल्या वॉर्डातून आणलंस?"

मी सांगितले.

"मग आधी ते पूस, हात साबणाने धू, नंतर आत ये."

हात धुतले खरे, पण ही नोकरी संगणकाची की सोवळ्याओवळ्याची, ते काही कळेना.

पुढे एकदा त्यांनी विचारले, "तुझी मशीन बीमार पडली, तर तिच्या जागी ड्यूटी कोण करणार?" मी आपली, कुणी रजेवर गेले की बदली येणाऱ्या माझ्या माणसांची यादी पाठवून दिली! ताईंनी ती परत केली आणि प्रत्येक खाटेला एक कार्ड टांगले: नाव, औषधे, काय सोसत नाही ते. महिन्यातून एक सकाळ स्क्रीन बंद ठेवून परिचारिका त्या कार्डांवरच काम करू लागल्या. कँटीनमध्ये मी या प्रकाराची यथेच्छ टिंगल केली, हेही इथे नोंदवतो.

मग एका सोमवारी सकाळी एकूण एक संगणक अडकून बसले. बाहेरच्या कुणीतरी संगणकांत कीड सोडून आमच्या सगळ्या नोंदींना कुलूप ठोकले होते. ओपीडीची रांग फाटकापर्यंत गेली, पण वॉर्ड कार्डांवर चालू राहिले आणि औषध कुणाचेही चुकले नाही. माझी मात्र गाळण उडाली होती. कारखान्यातून निवृत्त झालेल्या माणसांच्या कित्येक वर्षांच्या उपचारांची आता एकच प्रत शिल्लक होती, कपाटातल्या एका डिस्कवर. माझ्या बाबांच्या किडनीची सगळी कहाणी त्यातच होती. वरून फोनवर फोन येत होते, लवकर सुरू करा म्हणून. मी डिस्क काढली आणि एका मशीनला तिची वायर जोडणार, तोच ताईंनी मनगट धरले.

"ही मशीन साफ झाली का?"

"बहुतेक."

"ऑपरेशनचं टेबल बहुतेक साफ असेल, तर बाबांना झोपवशील का रे त्यावर?"

मी वायर खाली ठेवली. डिस्क पुन्हा कपाटात गेली. दोन दिवसांनी तज्ज्ञ आले, त्यांना त्याच मशीनमध्ये ती कीड दबा धरून बसलेली सापडली. वायर जोडली असती, तर ती शेवटची प्रतही गेली असती. संगणकातले ओ की ठो कळत नाही असे म्हणणाऱ्या बाईंना हे कसे उमगले, याचा उलगडा मला अजून झालेला नाही.

त्याहून मोठे कोडे पुढेच आहे. चौकशीत प्रश्न आला, थांबायचा निर्णय कुणाचा? ताई शांतपणे म्हणाल्या, "आम्ही दोघांनी मिळून ठरवलं." तसेच लिहिले गेले. मी मान खाली घालून सही केली, आणि त्याच अहवालाच्या बळावर माझी बढती झाली. असे का सांगितलेत, म्हणून नंतर कितीदा विचारले. ताई म्हणतात, "चहा घेतोस?"

कुमुदताईंना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. शाहपुऱ्याच्या तलावाकाठचे त्यांचे सकाळचे फिरणे वर्षानुवर्षे असेच चालू राहो. हे वाचून त्या रागावतील, तरी आज सर्वांदेखत सांगतो: दोघांनी काही ठरवले नव्हते. वायर माझ्या हातात होती, आणि मी ती जोडणारच होतो.