टिचकीकाकांनी पास केलेली सायकल

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत टिचकीकाका कुणाच्याही घरी गेले तरी पाणी पिण्याआधी ग्लासला टिचकी मारायचे. ग्लास स्टीलचा असो नाहीतर काचेचा, टण् झालं की मान जराशी तिरकी करून ऐकायचे आणि मगच घोट घ्यायचे. लिफ्टची भिंत, जिन्यातली नवी लादी, माठ, नारळ, कलिंगड, दार, काही म्हणून त्यांच्या बोटातून सुटायचं नाही. वरच्या मजल्यावरच्या वहिनींचा होणारा जावई पहिल्यांदा आला तेव्हा काकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, तर अख्खी बिल्डिंग म्हणाली, "झालं! याला पण वाजवून बघितला."

काकांनी सगळी नोकरी भांडुपच्या एका कारखान्यात काढली होती. ओतीव लोखंडाचे भाग तपासायचे, हेच काम. प्रत्येक भागावर छोटी हातोडी मारायची. खणखणीत वाजला तर खडूने बरोबरची खूण, बद वाजला तर फुली. आत पोकळी असली, तडा असला, तर डोळ्यांना दिसत नाही पण आवाज लपत नाही, असं त्यांचं म्हणणं. रिटायर झाले तेव्हा हातोडी कारखान्यात राहिली. खडू मात्र शर्टाच्या खिशात घरी आला आणि कायमचा तिथेच राहिला. त्याच्या सोबतीला एक जुना जाडजूड रुपया. घरगुती वस्तूंना टिचकी आणि महत्त्वाच्या वस्तूंना रुपया, अशी त्यांची विभागणी होती.

ते म्हणायचे, "माणूस दाखवतो एक, आत असतं एक. आवाजाला नाटक येत नाही." आणि हे बोलताना समोरच्याकडे असं बघायचे की आपल्यालाही तडा गेलाय की काय अशी शंका यायची.

त्यांच्या संशयाची आम्ही भरपूर टिंगल केली. मीही केली. मग माझी सायकल माझ्या खाली मोडली आणि माझी टिंगल थांबली.

मला डोंगरवाटांवर सायकल चालवायचं वेड आहे. आई त्याला किडा म्हणते. एकाकडून सेकंडहँड घेतलेली, परदेशी नाव लिहिलेली कार्बन फायबरची सायकल होती माझी. दिसायला काय झकास! कर्जतजवळच्या एका उतारावर ती मधोमध मोडली आणि मी दगडांवर तोंडावर आपटले. गळ्याजवळचं हाड मोडलं, पुढचे दोन दात गेले. हात गळ्यात बांधून घरी बसले होते तेव्हा काका मोडलेला सांगाडा मांडीवर घेऊन बसले आणि एक नळी रुपयाने वाजवत गेले. टिण, टिण, टिण, आणि मग एकदम बद. "इथे आधीच मोडली होती गो बाय. वरून रंग मारलाय. तुका मेलेली सायकल विकली त्याने." काका मूळचे कणकवलीकडचे. रागात आणि मायेत त्यांची मालवणी बाहेर यायची.

त्यानंतर वर्षभर मी सायकलला हात लावला नाही. हाड जुळलं, दात बसवले, पण भीती बसली ती उठेना. साधा उतार दिसला तरी जबड्यात कळ यायची. आई खूश होती. मी नव्हते. मला परत त्या वाटेवर जायचं होतं, पण अशा सायकलवर की जिच्याबद्दल मनात तिळभरही शंका नसेल.

तेवढ्यात चारकोपच्या मंदारबद्दल कळलं. इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका गाळ्यात हा माणूस स्वतः कार्बनच्या डोंगरी सायकली बनवतो, असं लोक सांगत होते. मला पहिला संशय हाच, की बनवतो की बाहेरून मागवून वर नाव चिकटवतो? काकांना दुसरा संशय, की बनवत असेल तर अजूनच वाईट. "हात बसायला वर्षं लागतात," ते म्हणाले. "याचा बसलाय कशावरून?"

आम्ही दोघं रिक्षाने चारकोपला गेलो. काकांनी वाटेत रिक्षाच्या दांड्यालाही टिचकी मारून तोंड वाकडं केलं. मंदार पस्तिशीचा, हातावर चिकट राळेचे डाग, बोलायला फटकळ. त्याने साचा दाखवला, कार्बनच्या कापडाचे तुकडे दाखवले, ते एकावर एक कसे रचतो, भट्टीत कसे भाजतो, सगळं दाखवलं. माझ्या उंचीचं, हातांचं, पायांचं माप घेतलं. मी प्रत्येक गोष्ट दोनदा विचारली. शेवटी तो म्हणाला, "ताई, तुम्ही सायकल घेताय की माझी चौकशी करताय?"

"दोन्ही," काका म्हणाले.

त्याला राग येईल असं मला वाटलं. काकांनीच समजावलं. "अरे, तपासण्यात अपमान नसतो. आमच्या कारखान्यात साहेब मुद्दाम एखादा तडकलेला भाग माझ्या ढिगात मिसळून ठेवायचे, मी पकडतो का बघायला. तपासणाऱ्यालाही कुणीतरी तपासलंच पाहिजे. मला कधी राग नाही आला." हे ऐकून मंदार जरा निवळला आणि चहा मागवला. काकांनी चहाच्या ग्लासला टिचकी मारली आणि पुटपुटले, "हल्ली ग्लासही बद वाजतात."

हे त्यांचं त्या वर्षातलं नवं पालुपद होतं. हल्ली सगळंच बद वाजतं. माठ कच्चे भाजतात, लाद्या पोकळ बसवतात, नारळ जून नसतात. स्टेशनजवळच्या नारळवाल्याशी तर त्यांची रोज जुंपायची. "सगळे फसवतत!" म्हणून दोन-दोन नारळ परत करायचे. आम्हालाही वाटायचं, खरंच की, कशातच पूर्वीचा दम राहिलेला नाही.

ऑर्डर दिल्यावर तीन महिन्यांनी मंदारचा फोन आला, सांगाडा तयार आहे. आम्ही पोचलो तर तो दोरीला टांगून ठेवलेला. काळाभोर, रंग न दिलेला. मीच सांगितलं होतं, रंग नको, रंगाखाली काय काय लपतं ते मी बघितलंय. काकांनी रुपया काढला. वरच्या नळीवर वाजवला. थांबले. पुन्हा वाजवला. खाली आले, मागे गेले, परत वरच्या नळीवर आले. त्यांचा चेहरा उतरत गेला.

"माका ह्यो आवाज पटणा नाय," ते म्हणाले आणि खडू काढून त्या काळ्या नळीवर सरळ फुली मारली.

मला तर टिण टिण असंच ऐकू येत होतं. पण माझ्या कानाला काय कळतंय? मोडलेल्या सायकलमधला दोष याच कानांनी पकडला होता ना? मी मंदारला म्हटलं, "सॉरी. मी ही घेणार नाही."

मंदार लाल झाला. "कुठे आहे दोष? इथे?" असं म्हणत त्याने दोरी सोडली, सांगाडा टेबलावर आपटला, करवत उचलली, आणि मी "अरे, अरे" करेपर्यंत बरोबर फुलीवरून कापायला सुरुवात केली. तीन महिन्यांचं काम. गाळाभर काळी भुकटी उडाली. नळीचा वीतभर तुकडा कापून त्याने काकांच्या हातात दिला. "दाखवा आता. कुठे सुटलाय थर?"

काकांनी चष्मा वर केला. नखाने कड चाचपली. अळूवडीसारखे घट्ट, एकावर एक बसलेले थर. कुठे पोकळी नाही, कुठे बुडबुडा नाही. त्यांनी तो तुकडा रुपयाने वाजवला, पुन्हा वाजवला आणि माझ्याकडे दिला.

"तू वाजव. कसा वाजतो?"

"टिण्ण," मी म्हटलं.

"नीट ऐक."

"टिण्णच काका. खणखणीत."

त्यांनी चहाच्या रिकाम्या ग्लासला टिचकी मारून माझ्याकडे बघितलं. तोही छान वाजला होता. मी होकारार्थी मान हलवली. मग त्यांनी पाण्याच्या स्टीलच्या पिंपाला मारली, खुर्चीच्या पायाला मारली, आणि दर वेळी माझा चेहरा वाचत राहिले. मला इतकं वाईट वाटत होतं की खोटं बोलावं, बद म्हणावं असंही मनात आलं. पण काकांशी आवाजाबद्दल खोटं बोलायची हिंमत झाली नाही.

"सांगाडा पास," शेवटी ते म्हणाले. "तपासणारा नापास." आणि खडू खिशात ठेवला.

मंदारचा राग कुठल्या कुठे गेला. "काका, कापली ती मी, माझ्या डोक्याने. मी दुसरी बनवतो," तो म्हणत राहिला. काका मुलुंडला उतरल्यावर घरी न जाता नारळवाल्याकडे गेले, सहा नारळ मागितले आणि न वाजवता पिशवीत टाकले. नारळवाला घाबरला. "काका, तब्येत बरी आहे ना?" काका म्हणाले, "नारळ तुझे चांगले होते रे. सगळे चांगले होते." त्या दिवशी पहिल्यांदा मला ते म्हातारे दिसले.

मला वाटलं, संपलं आता. कसलं काय! चौथ्या दिवशी सकाळी दारात उभे. हातात माठ. "तुझे कान ताब्यात घेतो मी," म्हणाले. "माझे गेले तर गेले." पुढे लेकीने कानाचं यंत्र घेऊन दिलं, पण त्यावर त्यांचा विश्वास नव्हता. यंत्र स्वतःच्या पदरचा आवाज घालतं, म्हणायचे. मग दर रविवारी माझी शिकवणी. माठ, कौलं, लाद्या, पुठ्ठ्याआड ठेवलेले कप. त्यातला एखादा मुद्दाम तडकलेला. चुकले की टपली. आई म्हणायची, "ही मुलगी ऑफिसात जाते की कुंभारवाड्यात?" पण हळूहळू मला ऐकू यायला लागलं. चांगला आवाज दूरपर्यंत जातो. तडा गेलेला जागच्या जागी पडतो.

दुसरा सांगाडा झाला तेव्हा रुपया माझ्या हातात होता. काका स्टुलावर, हात गुडघ्यांवर. मी वरपासून खालपर्यंत वाजवत गेले आणि सांगितलं, "सगळीकडे सारखा आहे." काकांनी फक्त विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, "नक्की."

मग चाकं. मंदारने कार्बनच्याच रिमची जोडी लावायचं ठरवलं होतं. हलकी, देखणी, माझा जीव जडलेला. पुढचं छान वाजलं. मागचं वाजवत फिरवताना, हवा भरायच्या भोकाजवळ, बोटभर जागेत आवाज जागीच पडला. मी परत वाजवलं. मंदार म्हणाला, "तिथे भोक आहे, आवाज वेगळा येणारच." तेही खरं वाटलं. मी काकांकडे बघितलं. त्यांनी उठून कान लावला, वाजवलं, आणि मान हलवली. त्यांना काहीच कळत नव्हतं. पूर्वीचे काका असते तर दहा प्रश्न विचारले असते.

"तुका आयकाक इला ना?" त्यांनी विचारलं. "मग आसा." आणि खडू काढून, माझ्या बोटाखालच्या जागेवर फुली मारली.

मंदारने ते चाक कापलं. यावेळी न चिडता. आत करंगळीच्या नखाएवढी पोकळी होती. तो म्हणाला, "बाप रे." नवीन रिम करून देतो म्हणाला, पण काका ठाम राहिले. "सांगाडा कार्बनचा राहू दे. चाकं ॲल्युमिनियमची लाव. ॲल्युमिनियम आधी वाकतं, मग मोडतं. मोडायच्या आधी जे सांगतं, त्याच्यावर बसावं." मी मुकाट्याने जड चाकं घेतली. आता मंदारच्या गाळ्यातून एकही सायकल नाण्याने वाजवल्याशिवाय बाहेर जात नाही.

सायकल आली, पण मी तिला घेऊन उतारावर काही गेले नाही. कधी पाऊस, कधी ऑफिस. कारणं माझीच, मलाही ती पटत नव्हती. इकडे काका दोन महिन्यांत फार खंगले. अंथरुणाला खिळले. एका दुपारी त्यांच्या लेकीने बोलावलं, "बाबा सायकल आण म्हणतायत." मी ती तीन जिने चढवून नेली, लिफ्टमध्ये मावत नव्हती. काकांनी यंत्र उशीखाली काढून ठेवलं होतं. त्यांनी तळहात वरच्या नळीवर ठेवला आणि डोळे मिटले. "वाजव," म्हणाले. "कानाने नाही तर हाताने कळेल."

मी रुपया काढला. काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनीच लावलेली सवय म्हणा, मी त्यांची परीक्षा घेतली. नाणं नळीपर्यंत नेलं आणि अलीकडेच थांबवलं. टेकवलंच नाही.

काका हसले. "वाजली गो बाय," म्हणाले. "खणखणीत! आता जा तू उतारावर."

उशीजवळचा खडू चाचपून त्यांनी नळीच्या खालच्या बाजूला बरोबरची खूण केली. आयुष्यात त्यांनी न वाजवता ही खूण कशावरही केली नव्हती. पंधरवड्याने ते गेले. त्यांचे दिवस झाल्यावरच्या रविवारी मी कर्जतचा तोच उतार उतरले, जबडा आवळून, रडत, पण न थांबता. खूण पुसली जाऊ नये म्हणून तिच्यावर पारदर्शक पट्टी चिकटवली आहे.

काकांनी खूण केली त्या दुपारी मी रुपया खिशात टाकला होता, त्यांचा हात हातात घेतला होता, आणि त्यांना ऐकू जावं म्हणून मोठ्याने म्हटलं होतं, "हो काका. वाजली."