मेढीला टेकून झोपणारी बाई

बीड जिल्ह्यातल्या एका दवाखान्यात मी दोन वर्षांसाठी आलो आणि अडकलो. अन्ननलिकेच्या आणि जठराच्या कॅन्सरची ऑपरेशनं करणारा आसपास दुसरा कुणी नव्हता. माणसं यायची तीही पाणीसुद्धा उतरेनासं झाल्यावर. ज्यांचं ऑपरेशन होई, त्यांची नोंद मी अभ्यासासाठी ठेवायचो: जिवंत आहे का, गिळता येतं का, वजन किती. पण घरी गेलेली माणसं तपासणीला परतत नसत. बहुतेकांपुढं मी ‘पत्ता लागत नाही’ असं लिहिलेलं.

दुष्काळाच्या उन्हाळ्यात केजजवळ एका सहकारी संस्थेनं चारा छावणी उघडली. आजूबाजूची गावं जनावरांसकट तिथं येऊन राहिली. हरवलेले पेशंट एका जागी सापडतील म्हणून एका रविवारी मी फॉर्म घेऊन गेलो.

पहिलीच भेटली ती पन्नाशीची एक बाई. दीड वर्षापूर्वी मी तिची रोगट अन्ननलिका काढून जठर वर ओढून गळ्याशी जोडलं होतं. ताडपत्रीच्या सावलीत, लाकडी मेढीला पाठ टेकून ती बसली होती. शेजारी दोन बैल.

“भाकर उतरते का, मावशी?”

“उतरती की. लई उपकार झाले, डाक्टरसाहेब.”

मी फॉर्मवर खूण केली. उठणार तेवढ्यात तिनं विचारलं, “पन आडवं कधी व्हायचं?”

“म्हणजे?”

“आडवं झालं की समदं घशात येतंय. आंबट, जळजळीत. दवाखान्यातून आल्यापून बसूनच झोपती मी.”

या ऑपरेशननंतर असं होतं. डोक्याकडून खाट उंच करायची, संध्याकाळी लवकर आणि थोडंच खायचं, हे मी तिला लिहून दिलं होतं. डिस्चार्ज कार्डावर, इंग्रजीत.

आता तोंडी सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

“चारा दिवस मावळताना वाटत्यात. जनावरांचं झाल्यावर मी खाती. आन् खाट कुटून आनू? छावनी सोडून गेलं तर बैलांचं नाव कटतं.”

मी संस्थेच्या मॅनेजरकडं बाज मागितली. “एकीला दिली की समदे मागत्यात, साहेब,” तो म्हणाला. दवाखान्यात गंजलेल्या खाटा पडून होत्या, पण त्या बाहेर काढायला मंजुरी लागे आणि ती कुणी देईना. शेवटी केजच्या बाजारातून बाज घेऊन धाडली. डोक्याकडच्या पायांखाली विटा लावा, असा निरोप दिला.

महिन्यानं गेलो तर बाजेवर कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या, वाळवी लागू नये म्हणून. बाई खालीच, मेढीपाशी.

“निजून पायलं,” ती म्हणाली. “भ्या वाटलं. जीव गुदमरंल असं झालं. आता बसायचीच सवय पडली.”

पेंढ्या तशाच राहू देऊन मी निघालो.

त्यानंतर डिस्चार्ज कार्डं मी मराठीत लिहायला लागलो. फॉर्ममध्ये झोपेचा रकाना वाढवला. ती पुढं चार वर्षं जगली, कॅन्सर परतला नाही. अभ्यासात ती माझ्या यशस्वी ऑपरेशनांत धरली गेली. मला ते खोडता येईना, कारण ते खोटं नव्हतं.