मुरमावरची तपासणी

शिवाजी पेठेत कुठंही घराचा पाया खणला की जमीन ठोकायची जड धुम्मस घेऊन हजर होणारे मामा म्हणजे आम्हाला फुकटचा तमाशा! चरात मुरूम टाकायचा, पाणी मारायचं, धुम्मस आपटायची आणि शेवटी स्वतःच त्यावर उताणं पडायचं. "पाठीला टोचलं तर कच्चं हाय," ही त्यांची परीक्षा.

आमच्या घराच्या वेळी मात्र दोन ठोके मारले की मामा धुम्मसच्या दांड्यावर टेकत होते. 'बसलेला दिसलास तर उद्या दुसरा माणूस आणीन,' असं मुकादमानं बजावलं होतं.

दुपारी मामा चरात पडले ते उठेचनात.

"टोचतंय काय, मामा?"

"न्हाय की. लई ग्वाड वाटतंय. उठवू नगासा." त्यांनी डोळे मिटले.

तेवढ्यात मुकादम आला. "झोपला काय ह्यो?"

"हळू!" मी ओठांवर बोट ठेवलं. "तपासणी चाललीय."