ब्रेकताईची दुपार

ब्रेकताईचा उजवा पाय कधी स्वस्थ नसतो. घरी जेवायला बसली तरी टेबलाखाली तो आपोआप जमिनीवर दाबला जातो. नवऱ्याने चहाचा कप जरा काठावर ठेवला, दाब. सासूबाई चष्मा न लावता जिना उतरायला लागल्या, दाब. टीव्हीवर कुणी रस्ता ओलांडत असलं तरी दाब. सासूबाई म्हणतात, "लोकांच्या पायाला भिंगरी असते, हिच्या पायाला कळ आहे." पण इतकी वर्षं शिकाऊ माणसांच्या शेजारी बसून, आपल्या बाजूच्या जादा ब्रेकवर पाय तरंगत ठेवून जिने संसार केला, तिचा पाय दुसरं काय करणार?

ड्रायव्हिंग स्कूल नवरा-बायकोचं. नवरा ऑफिसात बसतो, फोन घेतो, कुणाला कुठली बॅच ते ठरवतो. ताई गाडीत. ही वाटणी लग्नानंतर लगेचच झाली, कारण ताईला ऑफिसात बसवलं की ती ड्रॉवर आवरायला काढायची आणि पुढे आठवडाभर कुणाला काही सापडायचं नाही. गाडीत बसूनही ती बसलेली नसते. नजर आरशात, हात स्टिअरिंगपासून वीतभर लांब, पाय ब्रेकवर. तिचं खरं नाव शिकणाऱ्यांना माहीतच नाही. तोंडावर ताई, पाठीमागे ब्रेकताई.

आता, शिकणारा माणूस तासात दोनदा घाबरतो आणि घरी जातो. ताई दिवसभर सगळ्यांबरोबर घाबरायची. त्यावर तिचा उपाय डॅशबोर्डच्या कप्प्यात होता: गोड गोळ्या आणि क्रीमची बिस्किटं. कुणी कुत्र्याला वाचवलं, की एक गोळी त्याला, एक स्वतःला. कुणी चढावर गाडी बंद पाडली आणि मागच्यांनी हॉर्नचा कल्ला केला, की बिस्किट. शिकणारे बदलत गेले, ताई तीच राहिली, त्यामुळे सगळ्यांच्या गोळ्या एकाच अंगावर चढल्या. पोट इतकं पुढे आलं की सीट मागे सरकवावी लागली. सीट मागे गेली तर पाय ब्रेकवर पुरेना. आगीतून उठून फुफाट्यात. शेवटी पाठीशी उशी घेऊन ती अवघडून बसायला लागली.

मानेमागे काळपट पट्टाही उमटला होता. "मळ असेल, घास," सासूबाई म्हणाल्या. ताईने घासघास घासलं. कातडी सोलवटली, पट्टा तसाच राहिला.

हे सगळं तिने हसण्यावारी नेलं असतं. दुपारची झोप मात्र हसण्यावारी नेता येईना. डबा खाल्ला, की अर्ध्या-पाऊण तासाने डोळ्यांवर कुणीतरी ओली गोधडी टाकल्यासारखं व्हायचं. ती खिडकी उघडायची, मांडीला चिमटे काढायची, आणखी एक गोळी तोंडात टाकायची. तेवढ्यापुरतं बरं वाटायचं, मग दुप्पट पेंग.

आणि एका दुपारी ते झालं. शेजारी हेडबाई होत्या. हेडबाई म्हणजे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. नवरा गेल्यावर त्याची गाडी अंगणात नुसती उभी राहिली, ती आपणच चालवायची असं ठरवून उतारवयात शिकायला आलेल्या. गाडी बाजाराच्या रस्त्याला लागली, एवढं ताईला आठवत होतं. पुढचं आठवलं ते एकदम पुढच्या चौकातलं. मधला पूल, शाळा, सायकलवाले, काहीच नाही. गाडी सिग्नलला नीट उभी होती आणि हेडबाई घामाने डबडबलेल्या होत्या.

"तुम्ही एकदाही ब्रेक दाबला नाहीत," हेडबाई म्हणाल्या. "माझ्यावर विश्वास टाकलात. बरं वाटलं."

ताईने मान डोलावली. दुसरं काय करणार? मधल्या रस्त्यात एखादं पोर आडवं आलं असतं तर, हा विचार तिच्या डोक्यात जो शिरला तो निघेना. खाई त्याला खवखवे. त्या रात्री जेवताना तिचा पाय टेबलाखाली इतका दाबला जात होता की नवऱ्याने विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "कुठे काय."

दुसऱ्याच दिवशी ताईने दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाई वयाने लहान, पण बोलायला स्पष्ट. त्यांनी रक्त तपासलं, कंबर मोजली, मानेचा पट्टा पाहिला, रात्रीच्या झोपेचीही तपासणी करून घेतली. ती ठीक निघाली. मग त्यांनी विचारलं, "तुम्ही शिकणाऱ्यावर दिवसभर ओरडलात तर काय होतं?"

"चार दिवस ऐकतो. मग बहिरा होतो."

"तुमचं शरीर तसं बहिरं होत चाललंय. खाल्लं की रक्तात साखर येते, आणि ती आत घ्या म्हणून इन्सुलिन सांगतं. तुम्ही दिवसभर काही ना काही तोंडात टाकता, म्हणजे दिवसभर ओरडा चालू. शरीर ऐकत नाही, म्हणून इन्सुलिन आणखी मोठ्याने ओरडतं. त्याला इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतात. अजून मधुमेह नाही, पण त्याच रस्त्याला आहात. हा मानेचा पट्टा त्याचाच, मळ नाही तो. वजन उतरवा, मुख्यतः पोटाचं. हळूहळू. उपाशी राहू नका. आणि ही पेंग जाईपर्यंत जेवणानंतर रस्त्यावर गाडी नको."

शेवटचं वाक्य घरी न्यायचंच नाही, असं ताईने तिथेच ठरवलं. नवऱ्याला कळलं तर तो एकच करणार हे तिला पक्कं ठाऊक होतं: पगारी माणूस ठेवून तिला ऑफिसात बसवणार. तो बरेच दिवस तेच म्हणत होता, "आता वय झालं, बस की जरा निवांत." निवांत हा शब्द ऐकला तरी तिला गुदमरायला व्हायचं. ऑफिसातली ती फिरती खुर्ची, तो फोन, समोरची भिंत. तिथे ती सहा महिन्यांत संपली असती, आणि हे नाटक नव्हे, तिला खरंच तसं वाटत होतं.

म्हणून तिने नवऱ्याला फक्त वजनाचं सांगितलं, झोपेचं गाळलं. दुपारच्या बॅचेस "गाडी तापते" म्हणून सकाळ-संध्याकाळवर ढकलल्या. सगळे हलले. हेडबाई हलल्या नाहीत. "मला दुपारच सोयीची," त्या म्हणाल्या. त्यांना नाही म्हणायला ताईची जीभ उचलेना. मग तिने मधला मार्ग काढला: हेडबाईंना घेऊन ती गोदामांमागच्या मोकळ्या मैदानातच राहायची. गाडी तिथपर्यंत स्वतः, जेवणाआधी न्यायची, डबा तिथेच खायची, आणि हेडबाई रिक्षाने यायच्या-जायच्या; गाडी परत निघायची ती संध्याकाळीच.

वजन उतरवायचं म्हटल्यावर ताईने काय केलं असेल? डॉक्टरीणबाईंनी हळूहळू म्हटलं, तर हिने पहिल्याच दिवसापासून कचकचून ब्रेक. सकाळी काळा चहा, दुपारी काकडी, रात्री डोळ्यांसमोर काजवे. हात थरथरायला लागले. एका बँकेतल्या साहेबाला गिअर चुकल्याबद्दल असं काही बोलली की तो मधेच उतरून चालत घरी गेला. आठव्या दिवशी काट्यावर उभी राहिली. काटा ढिम्म. त्या संध्याकाळी ती स्वयंपाकघरात उभ्याउभ्या बिस्किटांचा अख्खा पुडा खाऊन मोकळी झाली, आणि मग सिंकला टेकून रडली. सासूबाई दारात आल्या.

"अगं, दात कोरून पोट भरत नाही," त्या म्हणाल्या, "आणि पोट मारून ते उतरतही नाही. उद्यापासून डबा मी भरते."

दुसऱ्या दिवसापासून डब्यात दोन अंडी, ढीगभर भाजी, मूठभर भात. आधी भाजी-अंडी, भात शेवटी, असा हुकूम. कप्प्यातल्या गोळ्या सासूबाईंनी स्वतः येऊन काढल्या आणि तिथे भाजके शेंगदाणे ठेवले. दोन दिवसांनी तेही काढले, कारण सुनेची मूठ त्यांना माहीत होती. जेवल्यावर शतपावली. ताई मैदानात गाडीभोवती फेऱ्या मारायची, इतक्या तरातरा की गोदामाच्या वॉचमनला वाटायचं, बाईंचं काहीतरी हरवलंय. पहिल्या दिवशी तो बिचारा वाकून शोधूही लागला होता.

वजन उतरत होतं, पण कसं? आज पाव किलो खाली, परवा तेवढंच वर. शिकाऊ माणसाने क्लच सोडावा तसं. ताईला असल्या चालीची चीड. ती सकाळी काट्यावर चढायची, उतरायची, पुन्हा चढायची, काटा भिंतीपाशी सरकवून बघायची. नवरा दात घासता घासता म्हणायचा, "जमीन बदलून वजन बदलत नाही गं." तिला त्याला ढकलून द्यावंसं वाटायचं. सगळं करूनही काही महिन्यांनंतर जेमतेम तीन किलो गेले. लोकांना दिसलंही नाही. सीट तेवढी एक खाच पुढे आली.

पेंगेचं काय, ते मात्र तिला कळेना, आणि हेच तिला पोखरत होतं. कारण हेडबाई. त्या दुपारनंतर ही बाई अखंड बोलायला लागली होती. आधी गाडीत चकार शब्द न काढणारी, आता तोंडाला कुलूप नाही. शाळेतल्या भानगडी, भावजयीचे दागिने, शेजाऱ्याचं मांजर. आणि मधेच प्रश्न: "काय वाटतं तुम्हाला, ताई? चूक कुणाची?" उत्तर द्यावंच लागायचं. ताईचे कान किटले. या भडिमारात कुणाला झोप लागेल? आपण बऱ्या झालो आहोत, की नुसत्या जाग्या ठेवल्या जातोय, हे कळायचा रस्ताच नव्हता.

हेडबाईंची परीक्षा जवळ आली. मैदानात गोल फिरून त्याही विटल्या होत्या. एका दुपारी त्यांनी मैदानाच्या मधोमध गाडी थांबवली आणि इंजिन बंद केलं.

"मला रस्त्यावर कधी नेणार?"

ताईने काहीतरी सबब काढायला तोंड उघडलं. मग ते मिटलं. ताकाला जाऊन भांडं किती दिवस लपवायचं?

"बाई, त्या दिवशी मी विश्वासबिश्वास काही टाकला नव्हता," ती म्हणाली. "माझा डोळा लागला होता. तुमचा जीव माझ्या हातात होता आणि मी झोपले."

हेडबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला.

"माहीत आहे मला. तुम्ही घोरत होतात."

बंद गाडीतही ताईचा पाय ब्रेकवर दाबला गेला.

"वर्गात झोपलेल्या पोराला सगळ्यांदेखत उठवलं तर ते लाजतं," हेडबाई म्हणाल्या. "लाजलेलं पोर दुसऱ्या दिवशी शाळेत येत नाही. म्हणून मी ते विश्वासाचं बोलले. घाबरले मात्र खूप होते. घरी जाऊन नवऱ्याच्या फोटोपुढे बसून राहिले."

"मग परत कशाला आलात? तेही दुपारीच?"

"दुसरं कुणी तुमच्या शेजारी बसलं असतं, तर गप्प बसलं असतं. मला चाळीस वर्षं पेंगुळलेल्या वर्गासमोर बोलायची सवय आहे." त्यांनी घशाला हात लावला. "खरं सांगू? माझा घसा दुखतो रोज."

ताईला हसू आलं आणि त्याच्यामागून रडूही. दोन्ही आवरून ती खिडकीबाहेर बघत बसली. इतके दिवस या बाईच्या बडबडीला तिने मनातल्या मनात काय काय नावं ठेवली होती.

"आज मी बोलणार नाही," हेडबाई म्हणाल्या. "इथेच, मैदानात. तुम्ही जेवलाय ना? मी गाडी चालवते. बघू."

गाडी सुरू झाली. पहिली फेरी, दुसरी. इंजिनाची एकसुरी घरघर, काचेतून येणारं ऊन, पोटात जेवण. झोपेला बोलावणं धाडायला आणखी काय लागतं? ताई वाट बघत होती. आता येईल गोधडी. पाय ब्रेकवर ताठ झाला. चिमटा काढायला हात मांडीकडे गेला, तो तिने मुद्दाम मागे घेतला. वॉचमन डबा धुत होता. एका गोदामाचं शटर अर्धं वर होतं. फेऱ्यांचा हिशेब सुटला. हेडबाई ओठ घट्ट मिटून चालवत होत्या, आणि ती शांतता ताईला त्यांच्या बडबडीपेक्षा जड जात होती.

बऱ्याच वेळाने गाडी थांबली.

"काय काय दिसलं?" हेडबाईंनी तोंडी परीक्षेच्या आवाजात विचारलं.

"वॉचमनने डबा धुतला आणि पाणी कुत्र्यावर उडवलं. शटर कुणीतरी आतून खाली ओढलं. निळा ट्रक आला आणि वळून गेला. तो आला तेव्हा तुम्ही आरशात बघितलं नाहीत, आणि दोन वळणांवर इंडिकेटर दिला नाहीत."

"एकाच."

"दोन. पहिल्या वेळी विसरलात. दुसऱ्या वेळी मी जागी आहे का ते बघायला म्हणून दिला नाहीत."

हेडबाईंनी गिअर टाकला. त्यांनी गाडीचं तोंड फाटकाकडे वळवलं आणि थांबल्या. फाटकापलीकडे रस्ता होता, दुपारचा, गजबजलेला. ताईने तो काचेतून नीट बघून घेतला. आजचा दिवस बरा गेला, उद्याचं काय? काटा तीन किलो उतरून अडकलेला, पट्टा मानेवर तसाच. पण मघापासून ती जागी होती, कुणी जागं न ठेवता, आणि हे तिला स्वतःच्या हाताइतकं खरं वाटत होतं.

"एक मिनिट, बाई," ती म्हणाली आणि तिने नवऱ्याला फोन लावला.

"ऐका. दुपारच्या बॅचेस मी गाडी तापते म्हणून हलवल्या नव्हत्या. मला गाडीत झोप लागली होती. शेजारी हेडबाई होत्या. तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही मला खुर्चीत बसवलं असतं."

पलीकडे ऑफिसातला दुसरा फोन वाजत होता, तो त्याने वाजू दिला.

"आणि आता कुठे आहेस?" त्याने विचारलं.

"मैदानाच्या फाटकापाशी. जेवून तास झाला. जागी आहे."

पलीकडे खुर्ची करकरली. तो म्हणाला, "तिथेच थांब. मी येतो, मागच्या सीटवर बसतो. मग काढा रस्त्यावर."