हौद्यातली तांबडी माती

दुपारची भाकरी खाऊन चटईवर आडवी झालेय. पंखा घरघरतोय. डोळं मिटलंत का उघडं हाईत, माझं मलाच कळंना झालंय.

आज सांजच्याला चांदभैरव तालमीत बैठक हाय. इंद्रजीतला तालमीच्या फुटबॉल टीमचा कोच ठेवायचा का काढायचा, ते ठरणार. इंद्रजीत माझा नातू. आईबाप लवकर गेलं, मीच वाढवला. पुण्याची नोकरी सोडून आला, टीम हातात घेतली, आन् तवापासनं टीम नुसती हरतीय. काढला तर परत जाणार. मग ह्या घरात मी आन् हा पंखा.

उशाशी आमचे हे बसल्यात. जाऊन वर्षं लोटली, पर पायात तेच फुटबॉलचे बूट. ह्यांच्या किकचा बॉल पंचगंगेपल्याड म्हशीच्या शिंगात अडकला आन् म्हैस दुधाऐवजी हवा द्यायला लागली, असं मी पेठेतल्या पोरांना सांगायची. ते खोटं हुतं. हे खरं हाय.

“ऊठ, बैठक बसली,” हे म्हणत्यात.

“बाईमाणसाला तालमीत कोण घेतंय?”

“आमच्या मेलेल्यांच्यात कोण अडवतंय?”

चटईवरनं पाय काढते तर तो स्टेडियमच्या पायरीवर पडतोय. मैदानात माझी चूल पेटलीय, गोलपोस्टवर माझी लुगडी वाळत्यात. पायऱ्यांवर पेठेतली सगळी गेलेली माणसं. हसनभाई मुजावर, आमचे जुने गोलकीपर, शेंगा फोडत बसल्यात.

खालच्या पायरीवरनं बंडा पैलवान वरडतोय, “मॅचच्या आदल्या दिवशी पांढरा रस्सा बंद केला इंद्रजीतनं! केळी चारली, केळी!”

“पोरगं चांगलं हाय,” हसनभाई म्हणत्यात. “पर भाभी, बचाव बगा की. दार उघडं टाकून झोपल्यागत.”

“एक सीझन तरी द्या त्याला! तुमी पैल्या साली गोल खाऊन खाऊन जाळं फाडलं हुतं, हसनभाई. माझ्या लुगड्याच्या काठानं शिवलं मी.”

“शिवलंत, पर भोक ठिवलंत की!”

समदे हसत्यात. मीबी हसते. हसता हसता पायऱ्या खाली खाली जात्यात आन् आमी तालमीत, कुस्तीच्या तांबड्या मातीच्या हौद्याभवती उभं. मारुतीपुढं दिवा. आमच्या तालमीत कुणी हात वर करत न्हाई. ज्याचा पाठिंबा, त्यानं हौद्यात उतरायचं. बाकीच्यांनी कडंला ऱ्हायचं.

इंद्रजीतचं नाव पुकारत्यात. माती मोकळीच.

“अहो, उतरा की. नातू हाय तुमचा.”

हे खाली बघत बुटाची नाडी बांधत्यात. “माझ्या भावाला टीममधनं काढला, तवाबी मी कडंलाच हुतो.”

“मग काय मिळालं?”

“काय न्हाई. भाऊ परत बोलला न्हाई.”

“आता तरी बदला.”

“आता बदलता येत न्हाई गं. मेल्यावर तेवढंच वाईट हाय.”

पर हात पुढं करत्यात. तो धरून, लुगडं वर खोचून, मी हौद्यात उतरते. माती गार लागतीय. तालमीच्या मातीत कालवलेल्या हळदीचा, ताकाचा वास येतोय.

“बाईचं पाऊल मोजणीत धरत न्हाईत,” कडंनं कुणीतरी म्हणतंय. वळून बघते तर ह्यांचा हात सुटलेला. कडंला कुणीच न्हाई. दिवाबी न्हाई.

डोळं उघडते तर सांज सरून अंधारलंय. दारात इंद्रजीत उभा. गळ्यात कोचची शिट्टी न्हाई.

“काय झालं रं?”

“एकपण माणूस उतरला नाही, आजी.”

“एक उतरलं हुतं.”

“आजी, आज थापा नकोत गं.”

तो बॅग काढायला आत निघतो. चटईशी येऊन थांबतो. खाली बसतो, माझा पाय उचलून मांडीवर घेतो. बोटांच्या बेचक्यात, पार घोट्यापतोर तांबडी माती. वाकून वास घेतो. तालमीतच वाढलेलं पोर, त्याला काय सांगायचं.

मातीला धक्का न लावता पाय परत चटईवर ठेवतो.

“सकाळची गाडी आहे,” म्हणतो. “तोपर्यंत पाय धुऊ नकोस.”